‘नाव नंतर सांगू’ आणि मंडळी

किस्से गोळा करायला म्हणून कुणी घराबाहेर पडत नाही. गवतातून चालत आलं की सलवारीला कुसळं चिकटतात ना, तसे ते आपोआप घरी येतात. मला ही कुसळं दर शनिवारी चिकटतात. न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या पापाटोएटो भागात दुकानांच्या मागे एका चर्चचा हॉल आहे, तिथे दुपारी दोन ते पाच. मी घरी पोचले की माझा नवरा अभय चहाचं आधण ठेवतो आणि म्हणतो, "हं, बोल. आज काय?" म्हणजे काहीतरी झालेलं असणारच, हे त्याने गृहीतच धरलेलं असतं. आणि खरं सांगू? गेल्या तीन वर्षांत "आज काही नाही" म्हणायची वेळ एकदाही आलेली नाही!

आधी मंडळींची ओळख करून देते. मी मेधा, पापाटोएटोलाच एका फार्मसीत फार्मासिस्ट. राहते जवळच, टाकानिनीला. माझी लेक सई आणि तिची वर्गातली जिवलग मैत्रीण अमानी. अमानीचं घर मूळचं बुरुंडीचं, तिचा जन्म टांझानियातल्या निर्वासितांच्या कॅम्पात झालेला. अमानी शनिवारी नाचायला जाते म्हटल्यावर सईलाही जायचं होतं. मी तिला सोडायला गेले. गाडीचं इंजिनसुद्धा बंद केलं नव्हतं. तेवढ्यात एक उंच, धिप्पाड बाई हॉलमधून बाहेर आल्या, माझ्या हातात कागदांचा गठ्ठा दिला आणि म्हणाल्या, "जरा दोन मिनिटं धरा हं."

ते कागद तीन वर्षं झाली, माझ्याच हातात आहेत!

त्या बाई म्हणजे मामा एस्थर. कॅम्पातल्या शाळेत त्या शिक्षिका होत्या. इथे एका रेस्ट होममध्ये काम करतात. आठवडाभर गोऱ्या आजी-आजोबांना आंघोळी घालतात आणि शनिवारी चौदा मुलांना गाणी, नाच आणि नाटकं शिकवतात. मुलं कुठली? काँगो, बुरुंडी, इथिओपिया, झिम्बाब्वे. आणि एक सांगली! नियम एकच: नाटकाचा विषय मुलांनी आणायचा, आणि तो आपल्या घरातून आणायचा. मामा एस्थर म्हणतात, "टीव्हीवरची आफ्रिका मला नको. तुमच्या स्वयंपाकघरात बसलेली घेऊन या."

*

ग्रुपला नाव नव्हतं. गरजही नव्हती. मग एका पार्कातल्या कार्यक्रमाचा फॉर्म आला आणि त्यात पहिलाच प्रश्न: ग्रुपचं नाव?

तीन शनिवार नुसती भांडणं. सात वर्षांच्या जोसेफला ‘लायन्स’ हवं होतं. तेंडाई तेव्हा बारा वर्षांचा, झिम्बाब्वेचा, अतिशय गंभीर मुलगा. तो म्हणाला, "मी हरारेत वाढलो. तिथे सिंह नव्हता, ट्रॅफिक होता. मी आयुष्यातला पहिला सिंह ऑकलंडच्या झूमध्ये बघितला!"

सिंह बाद झाला. मग ढोल, सूर्य, नदी असं सगळं एकेक करून बाद झालं. फॉर्मचा शेवटचा दिवस उजाडला. मामा एस्थर कामाच्या घाईत होत्या. त्यांनी नावाच्या रकान्यात लिहून टाकलं, "वी विल टेल यू लेटर." आणि सांगायला विसरल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी निवेदकाने कागद बघितला, घसा साफ केला आणि भरदार आवाजात म्हणाला, "किया ओरा, पापाटोएटो! जोरदार टाळ्यांनी स्वागत करू या... वी विल टेल यू लेटर!"

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. मामा एस्थरनी आकाशाकडे बघितलं. मग अमानी ओरडली, "दॅट्स अस!" आणि सगळी स्टेजवर धावली.

कार्यक्रम संपल्यावर चांदीची मोठी कानातली घातलेल्या एक बाई माझ्याजवळ आल्या. डोळे भरून आलेले. माझा हात धरून म्हणाल्या, "काय नाव आहे! इतक्या कमी शब्दांत एवढा मोठा राजकीय विचार!"

मी म्हटलं, "हो ना. खूप विचार करून ठेवलंय!"

तेच नाव राहिलं. आता टी-शर्टवरसुद्धा आहे.

*

एकदा विषय निघाला केसांचा. चौदातल्या बारा जणांनी हात वर केला: शाळेत कुणीही येतं आणि न विचारता केसांना हात लावतं. "स्पंजसारखे आहेत!" म्हणतं, आणि जातं. मुलांनी त्यावर गाणं बांधलं. टाळ्या, पायांचा ठेका, आणि धृपद दोनच शब्दांचं: "आस्क फर्स्ट!"

गाणं सईच्या शाळेत झालं. शाळेने ते अगदी डोक्यावर घेतलं. मुख्याध्यापिका स्टेजवर आल्या, फारच हेलावल्या होत्या. म्हणाल्या, "आज आम्ही सगळे काहीतरी शिकलो." आणि बोलता बोलता, अगदी मायेने, शेजारी उभ्या असलेल्या जोसेफच्या डोक्याकडे त्यांचा हात गेला.

हात हवेत थांबला. बाईंच्या लक्षात आलं. लालबुंद झाल्या. मग खाली वाकून त्यांनी जोसेफला अदबीने विचारलं, "जोसेफ, मी तुझ्या केसांना हात लावू का?"

जोसेफने विचार केला. पूर्ण विचार केला. आणि माइकमध्ये म्हणाला, "नो, थँक यू."

*

आता एक जरा वेगळं सांगते.

अमानीने आणलेला विषय होता ‘डॉक्टरकडे जाणं’. तिच्या आईला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे अमानी सहा वर्षांची असल्यापासून आईबरोबर डॉक्टरकडे जायची आणि दुभाष्याचं काम करायची. आमच्या काउंटरवरही मी हे रोज बघते. हनुवटी जेमतेम काउंटरला लागते असं पोर, आणि आईच्या रक्तस्रावाबद्दल मला इंग्रजीत सांगत असतं.

नाटकात तेंडाई डॉक्टर झाला. माझा पांढरा कोट त्याच्या गुडघ्यापर्यंत! आईचं काम स्वतः मामा एस्थरनी घेतलं. आणि मुलीचं काम अमानीनेच केलं. हॉल घरच्याच माणसांनी भरलेला. अमानीची आई दुसऱ्या रांगेत.

डॉक्टर विचारतो, "काय होतंय?"

मामा एस्थर स्वाहिलीत बोलायला लागतात. दोन मिनिटं बोलत राहतात. छातीवर हात ठेवतात, डोळे पुसतात, झोप येत नाही अशी खूण करतात. शेवटी थांबतात. डॉक्टर अमानीकडे बघतो. अमानी म्हणते, "शी सेज थँक यू."

हॉल हसून हसून फुटला. बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या.

हसू ओसरलं तेव्हा दुसऱ्या रांगेत अमानीची आई उभी होती. ती हसत नव्हती. तिने स्टेजकडे बघून स्वाहिलीत काहीतरी विचारलं, हळू आवाजात.

अमानी तेव्हा दहा वर्षांची होती. तिने आधी आईला उत्तर दिलं. मग आम्हाला कळावं म्हणून तेच इंग्रजीत सांगितलं. दुभाषी ना ती! "आईने विचारलं, तू खरंच असं करायचीस का? मी म्हटलं, काही शब्द मला येत नव्हते, मम्मी. आणि काही येत होते, पण ते मला माझ्या तोंडाने म्हणायचे नव्हते."

नाटक तिथेच थांबलं. पुढचा प्रवेश झालाच नाही. अमानीची आई स्टेजवर चढली आणि तिला कडेवर घेतलं. दहा वर्षांच्या, लांब टांगांच्या मुलीला, कडेवर!

पुढच्या आठवड्यात अमानीची आई फार्मसीत आली. प्रिस्क्रिप्शन काउंटरवर ठेवलं आणि पाठ केलेले तीन शब्द एकेक करून म्हणाली, "इंटरप्रिटर. फोन. प्लीज." मी फोन लावला. आम्ही वीस मिनिटं बोललो.

काचेतून बाहेर बघितलं, तर शेजारच्या डेअरीच्या पायरीवर अमानी बसली होती. डेअरी म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान. पायात जॅन्डल्स, म्हणजे रबरी स्लिपर, आणि हातात वितळणारा आइस ब्लॉक, म्हणजे आपली आइसकांडी. मनगटापर्यंत ओघळ आलेला, आणि तो चाटण्यात पार गुंगून गेलेली.

*

आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली, तेव्हा तिला घरी एकटी ठेवायला नको म्हणून मी शनिवारी हॉलवर घेऊन गेले. आई निवृत्त शिक्षिका. चौकशी हा तिचा स्थायीभाव.

"त्या बाई कोण गं?"

"मामा एस्थर."

"मामा? बाई आहे ना ती?"

"अगं, मामा म्हणजे त्यांच्याकडे आई."

"बरं बाई," म्हणून आईने ते पचवलं. पाच मिनिटांत जोसेफ तिच्याशेजारी येऊन बसला. आई इंग्रजी बेताचं बोलते, पण न घाबरता बोलते. दोघांची छान गट्टी जमली. आणि अचानक आई माझ्याकडे आली. चेहरा पांढराफटक!

"मेधा, हे काय चाललंय? एवढंसं पोर! सात वर्षांचं! त्याचं लग्न झालंय?"

"काय?"

"मला म्हणाला, माझी बीबी चपात्या फार छान करते! मी विचारलं, किती वर्षांची आहे रे? तर म्हणाला, त्र्याहत्तर!"

मी हसून हसून खाली बसले. स्वाहिलीत बीबी म्हणजे आजी!

पुढच्या शनिवारी जोसेफ आपल्या त्र्याहत्तर वर्षांच्या बीबीला घेऊनच आला. तिला इंग्रजी शून्य, मराठीचा प्रश्नच नाही. आईला स्वाहिली शून्य. मी दोघींना शेजारी खुर्च्या दिल्या, चहा दिला आणि तालमीला लागले. दीड तासाने बघितलं तर दोघींच्या गप्पा रंगलेल्या!

झालं होतं असं. बीबीने कप उचलून म्हटलं, "चाय." आई म्हणाली, "चहा!" बीबीने गुडघा दाबून म्हटलं, "दावा." आई म्हणाली, "दवा! हो हो, मलाही आहे की!" मग बीबीने पार्किंगकडे बोट दाखवलं, "गारी." आई म्हणाली, "गाडी!" रांगी म्हणजे रंग. मेझा म्हणजे मेज. दुका म्हणजे दुकान. एम्बे म्हणजे आंबा. शेवटी बीबीने एक सुस्कारा सोडला आणि म्हणाली, "दुनिया..." आईनेही सुस्कारा सोडला. "दुनिया!"

गाडीत मी विचारलं, "आई, एवढ्या सात-आठ शब्दांत दीड तास काय बोललात?"

आई म्हणाली, "गुडघे, सुना आणि आंबे. आणखी काय बोलायचं असतं?"

*

माझा रंगभूमीवरचा प्रवेशही सांगायलाच हवा, नाहीतर सई सांगेल, आणि तिखटमीठ लावून सांगेल.

विषय होता ब्लड प्रेशरच्या गोळ्यांचा. बऱ्याच घरांत आजी आपल्या गोळ्या शेजारणीला देते. का? तर तिच्या गोळीने तिला बरं वाटलं, मग शेजारणीलाही बरं वाटायला हवं! प्रेमाचाच मामला. पण दोन आज्या खरोखरच चक्कर येऊन पडल्या होत्या. म्हणून मी उत्साहाने म्हटलं, "फार्मासिस्टचं काम मी करते!" आणि दहा मिनिटांचं भाषण लिहून आणलं. तक्ता, आकृती, सगळं.

इथिओपियाची त्सियोन आमची दिग्दर्शक. वय वर्षं बारा. तिने भाषण वाचलं आणि म्हणाली, "आंटी मैदा, धिस इज हीप्स." हीप्स म्हणजे ढीगभर. मुलांना मेधा म्हणता येत नाही, मी त्यांची मैदाच आहे. पुढच्या शनिवारी भाषण निम्मं झालं. त्याच्या पुढच्या शनिवारी परिच्छेद. शेवटी माझ्या वाट्याला एकच वाक्य उरलं. "नेव्हर शेअर युअर पिल्स." चार शब्द!

प्रयोगाच्या दिवशी स्टेजवर त्सियोन आजी झालेली, डोक्यावर नेटेला, म्हणजे इथिओपियातली पांढरी ओढणी, हातात गोळ्यांची बाटली. ती एकेक गोळी वाटत चाललीय. मी पांढऱ्या कोटात प्रवेश करते. समोर दोनशे माणसं. आणि माझं डोकं कोरं!

चार शब्द. एकही आठवेना. विंगेतून सई कुजबुजली, "आई, से समथिंग!" त्सियोन डोळे वटारून बघतेय. आणि माझ्या तोंडून, भयंकर तारस्वरात, मराठीत निघालं:

"अहो आजी, गोळ्या काय वाटताय? तिळगूळ आहे का तो!"

मग टाळ्यांचा कडकडाट! कुणाला एक अक्षर कळलं नव्हतं, पण माझा आवाज आणि हातवारे बघून सगळ्यांना अर्थ कळला होता. सगळ्यांनाच कुठली ना कुठली चिडलेली मावशी असतेच की.

त्सियोनने लगेच निर्णय दिला: इंग्रजी वाक्य रद्द. तेव्हापासून ते नाटक जिथे होतं तिथे शेवटी चौदा मुलं कमरेवर हात ठेवून एका सुरात ओरडतात, "तिळगूळ आहे का तो!" उच्चार माझ्या सईपेक्षा बरे आहेत.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी फार्मसीत त्सियोनची खरी आजी आली. पिशवीतून तिने गोळ्यांच्या सहा बाटल्या काढल्या, सहा वेगवेगळ्या माणसांच्या नावांच्या. काउंटरवर ओळीने मांडल्या. माझ्याकडे बघून मान खाली घातली आणि म्हणाली, "तिल्गुल."

*

गमबुटांचा नाच दक्षिण आफ्रिकेतल्या खाणकामगारांचा. खाणीत बोलायला बंदी, म्हणून ते बुटांवर थापा मारून एकमेकांशी बोलत. मामा एस्थरनी मुलांना हे सांगितलं आणि विचारलं, "तुमच्या घरी बूट घालून कोण कामाला जातं?"

बहुतेकांचे वडील, बऱ्याच जणांच्या आया. मांस कापायच्या कारखान्यात, दुधाच्या फॅक्टरीत, गाड्या धुवायला. तिकडे ही माणसं वेगळी होती. कुणी नर्स, कुणी तलाठ्यासारखा सरकारी माणूस. मुलांनी ठरवलं, नाच घरच्या बुटांतच करायचा.

पंचाईत झाली तेंडाईची. त्याने शाळेत सांगून ठेवलं होतं की बाबा ‘सायन्समध्ये’ आहेत. खरं म्हणजे बाबा झिम्बाब्वेत गणिताचे शिक्षक. इथे एका फॅक्टरीत मशीनवर उभे राहतात. तरी प्रयोगाच्या दिवशी तो बाबांचे पांढरे गमबूट घेऊन आला. अकरा नंबरचे! आत तीन तीन मोजे घातले, तरी पाय आत पोहत होते.

प्रयोग हॅमिल्टनला होता. दोन व्हॅन भरून गेलो, वाटेत ‘ते रापा’ नावाच्या ठिकाणी थांबून सगळ्यांना चिप्स खाऊ घातल्या. काही पालकही आले होते. तेंडाईच्या बाबांना त्या दिवशी सुट्टी होती, ते आपल्या गाडीने आले आणि शेवटच्या रांगेत बसले.

नाच सुरू झाला. धप्, धप्, थाप, थाप. हॉलची जमीन हादरत होती. शेवटच्या उडीला सगळ्यांनी उजवा पाय जोरात झटकला. तेरा बूट पायातच राहिले. एक सुटला!

तो पांढरा बूट पहिल्या रांगेवरून संथपणे गेला आणि दुसऱ्या रांगेत बसलेल्या प्रमुख पाहुण्याबाईंच्या मांडीवर, लॅमिंग्टन केकच्या प्लेटमध्ये उतरला!

खोबऱ्याचा कीस उडाला. ढोल थांबला. बाई मात्र खमक्या निघाल्या. त्यांनी बूट उचलला, आत बघितलं. मार्करने नाव लिहिलेलं होतं. त्यांनी मोठ्यांदा वाचलं, "मोयो. लाइन टू." आणि विचारलं, "मोयो कोण?"

तेंडाई एका पायात बूट आणि एका पायात तीन मोजे घालून उभा. शेवटच्या रांगेत त्याचे बाबा अर्धवट उठले आणि उठू की बसू अशा अवस्थेत तसेच थांबले.

तेंडाईने माइक घेतला. "ते माझे बाबा आहेत. त्यांनी सोळा वर्षं गणित शिकवलं. आता ते लाइन टू चालवतात. आणि तो बूट परत मिळेल का, प्लीज? त्यांना उद्या सकाळी कामाला लागेल."

"स्वीट ॲज!" पाहुण्याबाई म्हणाल्या, म्हणजे इथल्या बोलीत ‘हो, अगदी!’ पण त्यांनी बूट स्टेजकडे दिला नाही. उठून शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेल्या आणि मि. मोयोंच्या हातात दिला. लोक उभे राहिले होते.

येताना मी आणि सई मोयोंच्या गाडीत होतो. तेंडाई पुढे, मांडीवर बुटांची पिशवी. तेंडाई खिडकीबाहेर बघत होता. ऑकलंडच्या अलीकडे टेकड्या लागतात, त्यांचं नाव बॉम्बे! तिथपर्यंत गाडीत चिडीचूप. मला वाटलं, बाप रागावला.

मग मि. मोयो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "तेंडाई."

"येस, बाबा?"

"सोळा नाही. सतरा वर्षं. मोजताना चूक करू नकोस."

*

आणि हा शेवटचा.

मुलांनी एक नाटक बसवलं होतं, मागे राहिलेल्या माणसांवर. बहुतेक सगळ्यांचंच कुणी ना कुणी अजून कॅम्पात आहे. त्यांना इकडे आणण्यासाठी कागद पाठवायचे, ते परत यायचे, पुन्हा पाठवायचे. नाटकात एक कुटुंब दाराकडे बघत एका मावशीची वाट बघतं. शेवटावरून मुलांची जुंपली. जोसेफचं म्हणणं, मावशी आलीच पाहिजे. अमानी म्हणाली, "आली नाहीये तर आली असं दाखवायचं नाही." दोन महिने वाद झाला. मामा एस्थर मध्ये पडल्या नाहीत. नाटक उघड्या दारावरच संपायचं.

मामा एस्थरची स्वतःची धाकटी बहीण, क्लॉडीन, तिकडेच होती. तेरा वर्षं दोघींची भेट नव्हती. हे आम्हाला माहीत होतं, पण त्या कधी बोलत नसत.

एका शनिवारी तालीम संपल्यावर त्या म्हणाल्या, "मंगळवारी सकाळी नऊला तालीम आहे. एअरपोर्टवर." कुणी "का" म्हणून विचारलं नाही. मुलांनी शाळेत काय सांगितलं, देव जाणे. मंगळवारी चौदाच्या चौदा हजर, रंगीत कपड्यांत. मी फार्मसीत दांडी मारली.

विमान वेळेवर आलं, पण सामानाची तपासणी इथे लांबते. दार उघडायचं आणि दुसरंच कुणीतरी बाहेर यायचं. मुलांना राहवेना. जो येईल त्याच्यासाठी गायला लागली. एक थकलेली हॉकी टीम आली, तिचं स्वागत झालं. सोलापूरचं एक वयस्कर जोडपं आलं. एवढी मुलं आपल्यासाठी गाताहेत हे बघून काकांनी गोंधळून सगळ्यांना नमस्कार केला!

साडेदहाला दार उघडलं आणि एक बारीक, उंच बाई ट्रॉली ढकलत आली. केस पांढरे व्हायला लागलेले. तिने मुलांकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं, मामा एस्थरकडेही बघितलं आणि तशीच पुढे निघून गेली. ओळखलं नाही.

मुलांचं गाणं विरलं. मी मामा एस्थरकडे बघितलं. मला वाटलं, आता त्या हाक मारतील, धावतील. त्यांच्या तोंडून हाक निघतच नव्हती. हात नुसते अर्धवट वर आले.

मग त्यांनी डोळे मिटले आणि गायला लागल्या. आम्हाला शिकवलेलं गाणं नव्हे. मी कधीच न ऐकलेलं, अगदी साधं, भांडी घासताना म्हणावं तसं. हळू आवाजात. एक ओळ. दुसरी ओळ.

ट्रॉली थांबली.

क्लॉडीनने मागे वळून बघितलं नाही. आमच्याकडे पाठ करून, ट्रॉलीचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून ती तिसऱ्या ओळीला गायला लागली. वरच्या सुरात. दोघींमध्ये वीस पावलांचं अंतर. मधून माणसं, बॅगा जात होत्या. दोघींनी गाणं पुरं केलं, सगळी कडवी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कधीही एका जागी न टिकणारी आमची चौदा मुलं खांबासारखी उभी होती.

गाणं संपलं. क्लॉडीन अजूनही पाठमोरी. तिने खांद्यावरून त्यांच्या भाषेत काहीतरी म्हटलं, एकच वाक्य.

आणि मामा एस्थर हसायला लागल्या. एवढ्या हसल्या की उभं राहवेना, तिथेच एअरपोर्टच्या फरशीवर बसल्या. गालांवरून पाणी वाहतंय आणि हसताहेत. मी घाबरून त्यांच्याशेजारी बसले. "काय झालं? काय म्हणाली ती?"

त्यांनी तळहातांनी गाल पुसले.

"ती म्हणते, दुसरी ओळ तू अजून चुकीचीच म्हणतेस!"